विषय: वाटप झाल्यावर मालमत्ता टिकते कोणाकडे?

क्वालालंपूरहून

ताई, सप्रेम नमस्कार.

मंडळात सध्या जो वाद चालला आहे त्याचे मूळ असे, की मलेशियाचे भूमिपुत्र धोरण (म्हणजे मलय व इतर मूळनिवासी समाजांना दिलेल्या सवलती) आणि भारतातले आरक्षण हे एकाच माळेचे मणी आहेत, असे काही सभासद ठामपणे मांडत आहेत. मला ते पटत नाही. १३ मे १९६९ च्या मलय-चिनी दंगलींनंतर १९७१ मध्ये आलेल्या, याच सवलतींच्या नव्या आर्थिक धोरणाने नोकऱ्या आणि विद्यापीठांतील जागा यांच्याबरोबरच कंपन्यांच्या भागभांडवलाला थेट हात घातला. त्यात भूमिपुत्रांचा वाटा १९७० साली जेमतेम २.४ टक्के होता, तो १९९० पर्यंत ३० टक्क्यांवर नेण्याचे ठरले. शिवाय इथे लाभार्थी समाज बहुसंख्य आहे आणि सत्ताही त्याच्याच हाती आहे; भारतातल्या दलित-आदिवासींची स्थिती तशी कधीच नव्हती. रबराच्या मळ्यांवर आलेल्या तमिळ मजुरांची नातवंडे या हिशेबात कुठेच बसली नाहीत, ही इथली जुनी तक्रार तर आहेच. आपण इतकी वर्षे मुंबईत राहून महसुलाची प्रकरणे हाताळत आहात, म्हणून विचारतो: आपल्याला ही तुलना कशी दिसते?

मुंबईहून

स. न. वि. वि.

बहुसंख्य-अल्पसंख्य हा तुमचा मुद्दा मान्य आहे, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही. मला स्वतःला या सगळ्या देशांकडे पाहताना एकच प्रश्न विचारावासा वाटतो: जे दिले ते घेणाऱ्याला विकता येते का, आणि येत असेल तर ते शेवटी कोणाच्या पदरात पडते?

आरक्षणातून मिळालेली जागा विकता येत नाही, हे तिचे बळ आहे. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात ५० टक्के जागा राखून ठेवल्या, तेव्हापासून आपल्याकडचा भर जागांवरच राहिला. मालमत्तेच्या वाटणीच्या वाटेला आपण फारसे गेलो नाही. जिथे गेलो तिथला अनुभव मात्र सभासदांनी बारकाईने पाहण्याजोगा आहे.

महार वतनाविरुद्धचे (वतन म्हणजे गावकीच्या कामाच्या मोबदल्यात मिळालेली जमीन व हक्क) विधेयक बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली इथेच, मुंबईच्या कायदे मंडळात मांडले. वतनाच्या नावाखाली राबवून घेणे थांबावे, हा त्याचा रोख होता. वतने प्रत्यक्षात गेली ती १९५८ च्या कायद्याने. जमिनी पूर्वीच्या वतनदारांना पुन्हा देण्यात आल्या खऱ्या, परंतु नवीन अविभाज्य शर्तीवर. म्हणजे सातबारावर भोगवटादार वर्ग २ अशी नोंद, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून व सरकारला नजराण्याची रक्कम भरल्यावाचून विक्रीला बंदी. गरजवंताकडून सावकाराने जमीन लाटू नये, हा हेतू चांगलाच होता. पण कल्याण-भिवंडीच्या पट्ट्यात जमिनींना सोन्याचे मोल आले, तेव्हा शर्तीमुळे राजरोस गिऱ्हाईक मिळेना आणि आडमार्गाने येणारा पडेल भावाने मागू लागला. साठेखत, नोटरीपुढे केलेले कुलमुखत्यारपत्र आणि ताबा पावती अशा तीन कागदांवर जमीन हातची जाते; सातबारावर नाव आजोबांचे, इतर हक्कांच्या रकान्यात शर्त जशीच्या तशी, आणि जागेवर गोदाम तिसऱ्याचे. मुलीच्या लग्नापायी किंवा आजारपणापायी विकणाऱ्याला बाजारभावाचा किती हिस्सा मिळाला, हे कोणत्याही दप्तरात सापडत नाही.

दक्षिण आफ्रिकेत याच दुखण्यावर याहून कडक औषध दिले गेले. १९१३ च्या कायद्याने कृष्णवर्णीयांना देशातील सुमारे ७ टक्के आणि १९३६ नंतर सुमारे १३ टक्के जमिनीपुरते कोंडून ठेवले होते. १९९४ नंतरच्या सरकारने गोऱ्यांकडील शेतजमिनीपैकी ३० टक्के पाच वर्षांत हस्तांतरित करण्याचे ठरवले आणि ते साधले नाही. २००६ पासून तर सरकार जमीन स्वतः विकत घेऊन लाभार्थ्यांना भाड्याने देऊ लागले. त्यामुळे जमीन विकली जाण्याचा प्रश्न उरला नाही, कारण ती त्यांची झालीच नाही. कंपन्यांच्या शेअरांचा प्रकार निराळा. कृष्णवर्णीयांना शेअर देण्याचे १९९० च्या दशकातले बरेचसे व्यवहार कर्जाच्या पैशावर झाले आणि ते कर्ज शेअरचे भाव चढत राहतील या भरवशावर फेडायचे होते. १९९८ मध्ये बाजार कोसळताच अनेकांचे शेअर कर्ज देणाऱ्यांकडे गेले. २००३ च्या कायद्याने कंपन्यांनी कृष्णवर्णीयांना किती सामावून घेतले हे मोजताना मालकीखेरीज प्रशिक्षण, खरेदी, व्यवस्थापन यांनाही गुण ठेवले, ही सुधारणा मानावी लागेल, जरी नावापुरता कृष्णवर्णीय भागीदार दाखवण्याची युक्ती तिथेही निघाली. आपल्याकडच्या ठेकेदारांना ही युक्ती शिकवावी लागणार नाही.

न्यूझीलंडचे उदाहरण मला सर्वांत विचार करायला लावते. १९९५ मध्ये वायकाटो-ताइनुई आणि १९९८ मध्ये न्गाइ ताहू या मूळनिवासी माओरी समूहांशी सरकारचा, गमावलेल्या जमिनींच्या भरपाईपोटी, प्रत्येकी १७ कोटी डॉलरचा समझोता झाला, तो माणसागणिक न वाटता समूहाच्या नावे राहिला. आपल्याकडे असा समूह म्हणून मालमत्ता धरणारी संस्था कोणती, हे मात्र मला सांगता येणार नाही. जातपंचायतीच्या हाती ती द्यावी असे तुमच्यापैकीही कोणी म्हणणार नाही.

क्वालालंपूरहून

ताई, आपल्या पत्रातील शर्तीचा मुद्दा वाचून इथल्या एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. सुरुवातीला भूमिपुत्रांना राखीव दराने दिलेले शेअर त्यांनी नफ्यावर लगेच विकून टाकले, हा अनुभव इथेही आला. म्हणून १९७८ मध्ये पर्मोदालान नॅसिओनाल ही सरकारी संस्था काढून शेअर तिच्याकडे ठेवले आणि १९८१ पासून सामान्य भूमिपुत्राला त्यांतला छोटा वाटा, म्हणजे युनिट, एका रिंगिटला (इथले चलन) एक या दराने विकले. सांगायचे ते असे, की युनिट परक्याला विकता येत नव्हते, पण संस्थेला केव्हाही त्याच एका रिंगिटला परत करता येत होते. बंधन इथेही होते. अडलेल्याला रास्त भावाने घेणारा मात्र दारातच उभा होता. वतनजमिनीच्या शर्तीत हा घेणाराच नाही. अर्थात ज्याच्यापाशी बचत नव्हती त्याच्यापाशी युनिटेही नव्हती, आणि ३० टक्क्यांचे उद्दिष्ट १९९० पर्यंत गाठले गेले नाही, हेही खरे.

मुंबईहून

आपण दाखवलेला फरक महत्त्वाचा आहे आणि तो मी यापुढे माझ्या मांडणीत घेईन. अडचण एवढीच, की तिथे संस्थेला शेअर मुळात स्वस्तात मिळाले होते, म्हणून एका रिंगिटचा भाव सांभाळता आला. भिवंडीच्या वर्ग २ च्या जमिनीला रास्त भावाने घेणारी संस्था उभी करायची झाली, तर तिला आजच्या दराने पैसे मोजावे लागतील आणि घेतलेली जमीन त्याच समाजातील भूमिहीनाला परवडेल अशा दराने द्यावी लागेल. मधली तूट सरकारने सोसावी, असे माझे मत आहे. शर्त शिथिल करताना सरकार जो नजराणा घेते तोच या कामासाठी वेगळा ठेवला, तर सुरुवात करता येईल. मंडळातील जे सभासद हिशेबनीस आहेत त्यांनी हा आकडा मांडून पाहावा, अशी विनंती आहे.