वृद्धाश्रमाचा निर्णय कसा घेतलात? (अनुभव धागा)

आई ८१ वर्षांची, बेळगावच्या शहापुरातल्या घरी एकटी. मी पुण्यात, भाऊ बंगळूरला. गेल्या महिन्यात ती न्हाणीत पडली. शेजारच्या काकूंना कळायला दीड तास गेला. तेव्हापासून झोप नाही. फी किती ते फोनवर कळतं. तिथं माणूस कसा राहतो, ते बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांनी सांगा.

येळ्ळूर
आमचे आबा शेतकरी. कन्नड बाजारापुरतं. अर्धांगवायू झाल्यावर वर्षभर घरी केलं, मग बायकोची कंबर गेली आणि त्यांना ठेवावं लागलं. जागा स्वच्छ होती, जेवण गरम, नर्स मुलगी गोकाककडची आणि मायाळू. ती कन्नडात विचारायची, दुखतंय का. आबा कशालाही मान हलवायचे, कधी हो, कधी नाही. एका रविवारी मी त्यांचे मोजे काढले, तर टाचेला रुपयाएवढी जखम. चूक तिची म्हणवत नाही आणि आबांचीही नाही. त्या रात्री लेकीनं वहीच्या पुठ्ठ्यावर कन्नड लिपीत मराठी शब्द लिहिले: दुखतंय, तहान, लघवी, पांघरूण, कूस बदल. पुठ्ठा खाटेला बांधला. पंधरा दिवसांत ती मुलगी न वाचता विचारायला लागली. आबा तिला 'बाळ' म्हणतात. जागा बघायला जाल तेव्हा रात्रपाळीला मराठी समजणारं कोण असतं, हे आधी विचारा.

निपाणी
आम्ही तीन महिन्यांत परत आणलं. आईनं चाळीस वर्षं विड्या वळल्या. विसरभोळेपणा वाढला तशी ती चादरीची कडा सारखी वळत बसायची. फाडेल म्हणून तिथं चादरच काढून घेतली. बऱ्याच ठिकाणी चालते-फिरतेच घेतात. स्मृतिभ्रंश असेल तर लपवू नका, स्पष्ट सांगून मगच ठेवा. आम्ही लपवलं होतं, त्याची बोच अजून आहे.

खानापूर
घरीच ठेवलंय. दिवसा एक बाई येते. पावसाळ्यात वीज आणि रस्ता दोन्ही जातात तेव्हा फार भीती वाटते.

टिळकवाडी
मी स्वतः ७६ वर्षांचा निवृत्त शिक्षक. माझा मी निर्णय घेतला. आधी महिनाभर राहून पाहिलं, सामान हलवलं नाही. सकाळी वर्तमानपत्र मराठी हवं, एवढा एक हट्ट धरला. तुम्हा मुलांना एक सांगतो, घर विकायची घाई करू नका. आणि आईवडिलांनो, बक्षीसपत्र करणार असाल तर 'सांभाळ करायचा' ही अट त्यातच लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार अशी अट मोडली तर ते रद्द करून मागता येतं. अट तोंडी असेल तर फार अडचण होते. अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडे जातो. नुसती चौकशी करायची तर १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे. आणि ताई, आईला विचारलंत का?

शहापूर (धागाकर्ती)
सर, नव्हतं विचारलं. भावाशी बोलले, डॉक्टरांशी बोलले, तिच्याशी नाही. काल रात्री फोन केला. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुळस नेता येईल काय गं?" शनिवारी बेळगावात येतेय. दोन ठिकाणं बघायची आहेत, तिला घेऊनच जाणार. पुठ्ठा आणि स्केचपेन बॅगेत टाकलंय.