एफआरपीचे दोन तुकडे, स्पिरिटवरचा कर आणि सीमेचा दावा: कोर्टाने मधे पडावं की नाही?

पार्क चौक (धागाकर्ता)

"सरकार आपण निवडून देतो, मग कोर्ट मधे कशाला पडतं?" हे वाक्य सोलापुरात आजकाल फार ऐकू येतं. असं म्हणणाऱ्यांनी आधी आपल्याच जिल्ह्यातल्या ऊसबिलाकडे बघावं, म्हणून हा धागा काढतोय.

२१ फेब्रुवारी २०२२ ला राज्य सरकारने शासन निर्णय काढला आणि कारखान्यांना एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, दोन टप्प्यांत द्यायला मुभा दिली. पुणे आणि नाशिक महसूल विभागात (आपण पुणे विभागात येतो) १० टक्के उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) धरून पहिली उचल, बाकीचे पैसे हंगाम संपून अंतिम उतारा निघाल्यावर. केंद्राचा १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश मात्र स्वच्छ सांगतो की ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. शेतकरी नेते राजू शेट्टी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये तो शासन निर्णय रद्द झाला.

राज्याला हा अधिकार का नव्हता? राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत विषयांच्या तीन याद्या आहेत: केंद्राची, राज्याची आणि समवर्ती. अन्नपदार्थांचा व्यापार आणि पुरवठा समवर्ती सूचीच्या ३३ व्या नोंदीत येतो. त्यावर संसदेने १९५५ मध्ये जीवनावश्यक वस्तू कायदा केला आणि त्या कायद्याखाली ऊस नियंत्रण आदेश आला. समवर्ती विषयात केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो, पण दोन कायद्यांची टक्कर झाली तर कलम २५४ प्रमाणे संसदेचा टिकतो. राष्ट्रपतींची संमती घेऊन राज्य वेगळा कायदा करू शकतं. इथे कायदासुद्धा नव्हता, नुसता शासन निर्णय होता.

याचा अर्थ राज्याच्या हातात काहीच नाही, असं नाही. उत्तर प्रदेश सरकार वर्षानुवर्षं स्वतःचा वेगळा ऊसदर जाहीर करतं. त्यावर एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं की केंद्राच्या किमान दरापेक्षा जास्त दर राज्य ठरवू शकतं. केंद्राचा दर म्हणजे जोतं. त्यावर मजला चढवा, जोतं उकरू नका.

आता दुसरी बाजू बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने ८ विरुद्ध १ असा निकाल दिला की औद्योगिक अल्कोहोलसुद्धा राज्यसूचीच्या ८ व्या नोंदीत, म्हणजे मादक द्रव्यांत येतं. त्यामुळे त्यावर नियंत्रण आणि कर लावायचा अधिकार राज्यांचा. ज्या जिल्ह्यात कारखान्यांना लागून डिस्टिलऱ्या उभ्या आहेत, तिथे ही गोष्ट लहान नाही. एका निकालात राज्य हरलं, दुसऱ्यात जिंकलं. दोन्हीकडे प्रश्न एकच होता: हद्द कुणाची? तो प्रश्न मुंबईने किंवा दिल्लीने स्वतःच सोडवायचा ठरवला, तर ज्याचा जोर जास्त त्याची हद्द मोठी होणार. म्हणून माझं ठाम मत आहे की कोर्टाने मधे पडलंच पाहिजे.

नवी पेठ

पार्क चौक, मांडणी स्वच्छ आहे, पण मला पटत नाही. तुमच्या अल्कोहोलच्या उदाहरणाचा मागचा भाग तुम्ही सांगितला नाही. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच सात न्यायाधीशांनी नेमकं उलट सांगितलं होतं, की औद्योगिक अल्कोहोलवर राज्यांचा अधिकार नाही. या ३५ वर्षांत ८ व्या नोंदीतलं एक अक्षर बदललं नाही, पण अर्थ उलटा झाला. मधल्या काळात राज्यांच्या तिजोरीचं जे झालं ते कोण भरून देणार? आणि ज्या एका न्यायमूर्तींनी, नागरत्ना यांनी, वेगळं मत दिलं, त्यांचं म्हणणंही विचार करण्यासारखं आहे: जे पिण्यासाठी नाहीच, ते पिण्याच्या दारूच्या नोंदीत का घालायचं?

राज्यपालांचंही तेच. ८ एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी राज्यपालांनी अडवून ठेवलेली तमिळनाडूची १० विधेयकं मंजूर झाली असं धरलं आणि राज्यपाल-राष्ट्रपतींना मुदती घालून दिल्या. नोव्हेंबरमध्ये राष्ट्रपतींनी मागितलेल्या सल्ल्यावर पाच न्यायाधीश म्हणाले की अशी गृहीत मंजुरी घटनेत नाही, मुदतीही घालता येणार नाहीत. वर्षही उलटलं नव्हतं. सामान्य माणसाने कुठलं वाक्य राज्यघटना म्हणून धरायचं?

आणखी एक. न्यायाधीश नेमण्यासाठी संसदेने २०१४ मध्ये घटनादुरुस्ती करून आयोग आणला. निम्म्याहून जास्त राज्यांनी त्याला मान्यता दिली. ऑक्टोबर २०१५ मध्ये चार विरुद्ध एक मतांनी तो रद्द झाला. आमदार चुकला तर पाच वर्षांनी त्याला घरी बसवता येतं. हा अधिकार मला कोर्टाबाबत नाही. म्हणून निवडून आलेल्यांनी केलेला कायदा बाद करताना कोर्टाने फार हात राखून वागावं. मधे पडूच नये असं मी म्हणत नाही. पण "पडलंच पाहिजे" हा तुमचा जोर मला धोक्याचा वाटतो.

माढ्याची लेक

दादा, तुमचं दोघांचं वाचलं. आमच्या घरी ऊस जातो, म्हणून त्याच बाजूने लिहिते.

ट्रॅक्टर काट्यावर गेला की पावती हातात येते. त्यावर वजन असतं, दर नसतो. दर उताऱ्यावर, आणि उतारा किती ते कारखाना सांगणार. केंद्राच्या पद्धतीत मागच्या हंगामाचा उतारा धरतात, म्हणजे आकडा आधीच ठरलेला असतो. दोन टप्प्यांच्या पद्धतीत चालू हंगामाचा उतारा हंगाम संपल्यावर समजणार. त्यात बी-हेवी मळी (साखर अजून शिल्लक असलेली मळी) इथेनॉलला गेली की साखरेचा उतारा कमी दिसतो. तो फरक हिशेबात धरायचा असतो, पण तो धरला का नाही हे बांधावरच्या माणसाला कसं कळणार? तोडणी-वाहतूक मात्र पहिल्याच बिलातून पूर्ण वजा. सोसायटीचं व्याज आणि खताच्या दुकानातली उधारी "दुसरा टप्पा येऊ दे" म्हणत थांबत नाही.

नवी पेठ दादा, हात राखून वागा म्हणता, पण सरकारने तो निर्णय काढताना आम्हाला कुठं विचारलं? विधानसभेत त्यावर मतदान झालं नव्हतं. आणि सहकारी असो नाहीतर खाजगी, कारखाना कुणाचा आणि सत्तेत कोण, हे आपल्या जिल्ह्यात वेगळं सांगायला नको. अशा वेळी आमदाराकडे गेलो तर तो कुणाची बाजू घेणार? कोर्ट सोडून आम्हाला दुसरी जागा नव्हती.

बार रूम

ताईंनी एक महत्त्वाची गोष्ट बोलता बोलता सांगितली: तो निर्णय विधानसभेने केलेला नव्हता. नवी पेठ साहेब, तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी एकाच मापाने मोजताय. सरकारचा आदेश मूळ कायद्याशी जुळतो का, ही पहिली तपासणी. विधिमंडळाचा किंवा संसदेचा कायदा राज्यघटनेच्या हद्दीत आहे का, ही दुसरी. घटनादुरुस्तीच राज्यघटनेचा गाभा मोडते का, ही तिसरी. ती २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालापासून सुरू झाली, १३ न्यायाधीश, ७ विरुद्ध ६. ऊसबिलाचा खटला पहिल्या प्रकारचा, अल्कोहोलचा मुळात दुसऱ्या प्रकारचा, न्यायाधीश नेमणुकीचा तिसऱ्या. तिसऱ्या प्रकारात कोर्टाने संयम ठेवावा हे तुमचं म्हणणं मी मान्य करतो, कारण तिथे संसदेला परत बोलायला फारशी जागा उरत नाही. पहिल्या दोन प्रकारांत ती जागा असते.

मराठा आरक्षणाचा निकाल आठवा. ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा रद्द केला. शिवाय १०२ व्या घटनादुरुस्तीचा अर्थ ३ विरुद्ध २ मतांनी असा लावला की मागास वर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकार उरला नाही. निकाल योग्य की अयोग्य यावर इथे वाद नको. पण संसदेला तो अर्थ मान्य नव्हता, म्हणून तिने ऑगस्ट २०२१ मध्ये १०५ वी दुरुस्ती करून राज्यांचा अधिकार परत दिला. म्हणजे शेवटचा शब्द कोर्टाचाच असतो, असं नाही.

आणि सोलापूरकराने तरी कोर्टाचा हा अधिकार हलका समजू नये. मे १९३० मध्ये या शहरावर मार्शल लॉ लागला. व्हाइसरॉयच्या वटहुकमाचा आधार होता, तिरंगा लावला म्हणून शिक्षा झाल्या. वटहुकूम मूलभूत हक्कांवर घासून रद्द करायचा, तर ते हक्कच तेव्हा कुठे लिहिलेले नव्हते. आज कलम १३, ३२ आणि २२६ आहेत, त्यांखाली हक्क मोडणारा कायदा कोर्ट रद्द करू शकतं.

नवी पेठ

वकीलसाहेब, तीन प्रकारांचा फरक मान्य. ताईंची अडचणही मान्य, तो शासन निर्णय रद्द झाला याचं मलाही वाईट वाटत नाही. पण मग कोर्टाने जिथे खरंच बोलायला हवं होतं तिथे काय केलं, तेही बघू.

पार्क चौक ज्या ३३ व्या नोंदीचा आधार देतात, त्याच नोंदीवर २०२० चे कृषी कायदे आणले गेले. शेती राज्यसूचीत १४ वर, बाजार २८ वर. राज्यांचा आक्षेप हाच होता की केंद्राने मागच्या दाराने शेतमालाचा बाजार ताब्यात घेतला. १२ जानेवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने कायद्यांना स्थगिती देऊन समिती नेमली. केंद्राला तो अधिकार होता की नव्हता, यावर निकाल आलाच नाही. वर्षाअखेरीस संसदेने कायदे मागे घेतले आणि प्रश्न तसाच राहिला. उद्या कुणी परत तसाच कायदा आणला तर आपण पुन्हा शून्यावर.

निवडणूक रोख्यांची योजना रद्द करणारा निकाल फेब्रुवारी २०२४ मध्ये आला, योजना २०१८ ची. मधे एक अख्खी लोकसभा निवडणूक त्या रोख्यांवर पार पडली. आणि आपल्या दाराशी असलेला सीमाप्रश्न: महाराष्ट्राने २००४ मध्ये कलम १३१ खाली (राज्याराज्यांतले वाद थेट सर्वोच्च न्यायालयात नेणारं कलम) दावा लावला. तो प्रलंबित असतानाच २०२२ मध्ये कर्नाटकच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी सोलापूर आणि अक्कलकोटवर हक्क सांगितला, एसटी बंद पडल्या. दाव्यावर उत्तर मिळेना म्हणून रस्त्यावर उत्तरं शोधली गेली. अधिकार आहे म्हणता ना, मग तो वेळेत वापरा.

पार्क चौक

उशिराबद्दल माझा तुमच्याशी वाद नाही. कृषी कायद्यांचा प्रश्न निकाली न काढणं ही मोठी चूक होती असं मलाही वाटतं. अधिकारक्षेत्राचा मुद्दा असेल तिथे घटनापीठ कायम बसलेलं असावं, इतर कामातून सवड मिळेल तेव्हा नव्हे. कायदा लागू होऊन लोकांचे व्यवहार त्यावर बसायच्या आत निकाल यायला हवा.

पण सीमेच्या दाव्यावरून मी उलटा निष्कर्ष काढतो. कलम ३ प्रमाणे राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार संसदेचा आहे, आणि कोर्टाने यात पडू नये असं कर्नाटक म्हणतं. समजा कोर्ट बाजूला झालं. लोकसभेत महाराष्ट्राचे ४८ खासदार, कर्नाटकचे २८. उद्या असंच मोजून ठरवायचं म्हटलं तर आपल्याला आज बरं वाटेल. पण उत्तर प्रदेश ८० खासदारांनिशी आपल्यासमोर उभा राहिला तर? कोर्टात ४८, २८ किंवा ८० यांना किंमत नाही. बेळगावचा मराठी माणूस आणि अक्कलकोटचा कन्नड बोलणारा माणूस, दोघांनाही संख्येबाहेर दाद मागायची जागा लागते. ती जागा ढिम्म आहे म्हणून काढून टाकायची की हलवून कामाला लावायची, एवढाच आपल्यात फरक उरलाय.

नवी पेठ

एवढाच नाही, साहेब. हलवायची कुणी हे तुम्ही सांगत नाही. न्यायाधीश न्यायाधीशच नेमतात, कुठला खटला कधी ऐकायचा हे सरन्यायाधीश ठरवतात. बाहेरून सांगायचा रस्ता २०१५ ला बंद झाला. तो उघडल्याशिवाय माझं मत बदलणार नाही.

माढ्याची लेक

तुमची चर्चा चालू द्या, मी एक विचारते. निकाल लागला, पण उशिराचं व्याज आमच्या खात्यावर आलं नाही. साखर आयुक्तांकडे अर्ज करायचा म्हणतात, ते आरआरसी (महसुली वसुलीचा दाखला) काढतात आणि कलेक्टर वसुली करतात. तिथं नाही झालं तर हायकोर्टात जायला आम्ही पाचसहा जण तयार आहोत. वकीलसाहेब, मुंबईलाच जावं लागेल का?

बार रूम

नाही ताई. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सोलापूर जिल्हा त्यात आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्र काढायची गरज उरली नाही. पण आधी आयुक्तांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तिथे दाद मागितली होती का, हा पहिला प्रश्न विचारला जाईल. काट्याच्या सगळ्या पावत्या, बिलं आणि पैसे जमा झाल्याच्या तारखा दिसतील असं पासबुक, एवढं जमवा. पाचसहा जणांचा तक्ता एकत्र करा: ऊस गेल्याची तारीख, पंधरावा दिवस, पैसे आल्याची तारीख. व्याज त्यावरूनच मोजलं जाईल.