२०० बारच्या पाण्याच्या पंपाला रिलीफ व्हॉल्व्ह: २२० ला उघडतो, पण काटा २६० वर का जातो?

अंबड_डिझाइन

नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी अ‍ॅल्युमिनियम कास्टिंगचे बर (कडेला राहिलेले धातूचे बारीक काटे) काढून धुणारं हाय-प्रेशर मशीन करतोय. पंप तीन प्लंजरचा, मिनिटाला ३० लिटर, २०० बार, १४५० आरपीएमला थेट कपल, मोटर १५ किलोवॉटची. पाण्यात २-३ टक्के गंजरोधक. नोझलची लाइन बंद झाली की अनलोडर पाणी टाकीकडे वळवतो. अनलोडर अडकलाच तर शेवटचा आधार म्हणून वेगळा रिलीफ व्हॉल्व्ह (दाब हद्दीपुढे गेला की आपोआप उघडणारा) लावायचाय आणि तो इथेच बनवून घ्यायचाय.

सध्याचं डिझाइन तेलाच्या हायड्रॉलिक व्हॉल्व्हवरून घेतलंय. डायरेक्ट अ‍ॅक्टिंग, सीटचं (झडप टेकते त्या बैठकीचं) भोक ६ मिमी, पॉपेट (शंकूसारखी झडप) एसएस ३१६ चा ६० अंशी कोनाचा, स्प्रिंग साधारण १०० न्यूटन प्रति मिमी. ट्रायलमध्ये २२० ला थेंब सुटतात, पण पूर्ण ३० लिटर जाताना गेज २६० दाखवतो, काटा थरथरतो आणि कर्कश आवाज येतो. थोड्याच वेळात सीटवर बारीक चऱ्या पडतात. रिटर्न सध्या पंपाच्या सक्शनला जोडलाय. होज अर्धा इंची २एसएन आहे, म्हणजे २७५ बारचा. स्प्रिंग मऊ केली तर भागेल का?

सातपूर_हायड्रॉलिक

स्प्रिंग मऊ करून थोडा फरक पडेल, पण मुख्य दोषी ती नाही. आकडे मांडून बघा.

२२० बारला पाण्याच्या जेटचा वेग सेकंदाला सुमारे २१० मीटर येतो. ३० लिटर प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला अर्धा लिटर. डिस्चार्ज गुणांक ०.७ धरला तर लागणारी वाट फक्त ३.४ चौरस मिमी. ६ मिमीच्या सीटवर ६० अंशी पॉपेट एवढी वाट द्यायला ०.३६ मिमी उचलतो. १०० च्या स्प्रिंगला ०.३६ मिमी म्हणजे ३६ न्यूटन जादा. सीटचं क्षेत्रफळ २८.३ चौरस मिमी, त्यामुळे स्प्रिंगने वाढवलेला दाब जेमतेम १३ बार.

मग उरलेले २७-२८ बार कुठून आले? जेटकडून. सेकंदाला अर्धा किलो पाणी २१० मीटरच्या वेगाने अक्षाशी ३० अंशात निसटतं. त्याची प्रतिक्रिया पॉपेटला परत सीटकडे ढकलते, सुमारे ९१ न्यूटन. आत येणाऱ्या पाण्याचा वेग त्यातले ९ न्यूटन भरून काढतो. राहिले ८२. त्याला २८.३ ने भागा, २.९ न्यूटन प्रति चौरस मिमी, म्हणजे २९ बार. २२० + १३ + २९ = २६२. तुमचा गेज बरोबरच सांगतोय.

रिलीफ व्हॉल्व्हची खरी परीक्षा क्रॅकिंगला (व्हॉल्व्ह उघडू लागतो त्या दाबाला) होतच नाही. पूर्ण प्रवाह जात असताना दाब किती, तो आकडा होज, फिटिंग आणि पंपाच्या हेडला सोसायचा असतो. २७५ च्या होजला २६० आत बसतो हे खरं, पण थरथरीची टोकं त्याच्याही वर जात असणार आणि साधा गेज ती टोकं दाखवत नाही. शिवाय २०० बारच्या पंपाला २६० म्हणजे ३० टक्के जास्त, आणि १५ किलोवॉटची मोटर तिथे काठोकाठ भरते.

उपाय म्हणजे सीट ८ मिमी करा. क्षेत्रफळ ५०.३, लिफ्ट (पॉपेटची उचल) ०.२७ मिमी. जेटची निव्वळ ताकद ८६ न्यूटनच राहते, पण ती आता मोठ्या क्षेत्रावर वाटली जाते, म्हणून १७ बार. १०० च्याच स्प्रिंगचे ५-६ बार. एकूण २४३ च्या आसपास. बदल्यात स्प्रिंगचा प्रीलोड (आधीच आवळून दिलेलं बळ) ६२२ वरून ११०६ न्यूटनवर जातो, म्हणजे स्प्रिंग जाड लागेल.

अंबड_डिझाइन

जेटची ताकद मी धरलीच नव्हती, धन्यवाद सर. पण ८ मिमी केल्यावर लिफ्ट आणखी कमी होतेय. थरथर वाढणार नाही का? आणि कोन ९० अंशी केला तर?

सातपूर_हायड्रॉलिक

९० अंशी कोनात ६ मिमीलाच जेटचे २९ बार २३ वर येतात, हे खरं. पण पॉपेट स्वतःहून मध्यावर बसण्याचा गुण कमी होतो. पाण्यासाठी मी ६० अंशीच ठेवेन. पॉपेटच्या खांद्यावर सपाट कॉलर देऊन जेट आडवा वळवला तरी बंद करणारी ताकद बरीच घटते. मात्र कड मागे वळवू नका. मग जेट उलट उघडायला मदत करू लागतो, व्हॉल्व्ह झटक्यात पूर्ण उघडतो आणि बंद होईपर्यंत दाब खूप खाली उतरतो.

थरथरीबद्दलची शंका रास्त आहे. त्यावर दुसऱ्या कुणी लिहावं.

डॅशपॉट_सिन्नर

थरथरीचं कारण तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये आहे: डिझाइन तेलाचं आणि माध्यम पाणी. व्हीजी ४६ हायड्रॉलिक तेलाची व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) ४० अंशाला, २० अंशाच्या पाण्याच्या सुमारे चाळीस पट. तेलाच्या व्हॉल्व्हमध्ये गाइडमधली फट बाजूला ०.१५ मिमी असली तरी तेल पॉपेटला धरून ठेवतं. त्याच फटीत पाणी भरलं की डॅम्पिंग (थरथर शोषण्याचा गुण) चाळिसाव्या हिश्श्यावर येतं, म्हणजे नसल्यासारखंच.

स्प्रिंग बदलून वारंवारता टाळू असं वाटेल, पण तशी जागा नाही. १४५० आरपीएमला तीन प्लंजर सेकंदाला ७२ ठोके देतात. तीन प्लंजरच्या पंपाचा प्रवाह सरासरीच्या सुमारे २३ टक्के वरखाली होतो आणि त्या ठोक्यांच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारताही लाइनीत असतात. तुमच्या पॉपेट-स्प्रिंगची स्वतःची वारंवारता १५० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात कुठेतरी पडते. एका ठोक्यातून सुटलात की दुसऱ्यात अडकाल. डॅम्पिंगच द्यावं लागेल.

पॉपेटच्या मागे १२ मिमी व्यासाचा, १५ मिमी लांबीचा डॅशपॉट पिस्टन (अरुंद फटीतल्या पाण्याने हालचाल मंदावणारा) घ्या. फट बाजूला ०.०५ मिमी, म्हणजे व्यासावर ०.१०. डॅम्पिंग फटीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं, त्यामुळे ०.१५ वरून ०.०५ वर आलं की ते २७ पट होतं. याहून घट्ट मात्र करू नका. ०.०२ ला पॉपेट उघडायला वीसेक मिलिसेकंद घेईल. पंप ते बंद नोझल अशा कडक पाइपात २ लिटर पाणी असेल तर दाब २०० वरून २६० वर जायला केवळ ११ मिलिसेकंद लागतात, कारण ६० बारसाठी साडेपाच मिलिलिटर पाणी कोंबलं की पुरे, आणि पंप सेकंदाला ५०० मिलिलिटर देतोय. ०.०५ ला उघडायला एक-दोन मिलिसेकंद, तिथे आपण सुरक्षित आहोत.

डॅशपॉटचा कप्पा कायम पाण्याने भरलेला हवा. रिटर्नचं तोंड त्याच्या वरच्या पातळीवर काढा, म्हणजे मशीन बंद असताना तो रिकामा होणार नाही. आत हवा राहिली तर पहिल्याच उघडण्याला पुन्हा तीच खडखड.

आणखी एक. ०.०५ ची फट म्हणजे ५० मायक्रॉन. कास्टिंग धुतलेलं पाणी फिरवून वापरताय, त्यात अ‍ॅल्युमिनियमचा चुरा आणि वाळू येणारच. सक्शनची नुसती जाळी पुरणार नाही. बूस्टर पंप आणि २५ मायक्रॉनची बॅग फिल्टर लावा. ते जमणार नसेल तर हा डॅशपॉट लावू नका, कारण अडकलेला रिलीफ व्हॉल्व्ह थरथरणाऱ्यापेक्षा फार धोकादायक. याच कारणासाठी पायलट ऑपरेटेड (छोट्या व्हॉल्व्हने मोठा उघडणारा) प्रकार इथे नकोच, त्याचं पायलटचं भोक आधी तुंबतं.

टूलरूम_नाशिक

सीटच्या चऱ्यांबद्दल. ३१६ मऊ आहे. २१० मीटर वेगाचं पाणी थोडीशी गळती मिळाली की त्याच वाटेने धातू कापत जातं, आणि चरी पडली की गळती वाढतच राहते. सीट आणि पॉपेट दोन्ही ४४०सी (कठीण करता येणारं स्टेनलेस) चे घ्या, व्हॅक्यूम हार्डनिंग करून ५६-५८ एचआरसी (कठीणपणाचं माप). बोअरचं खारट पाणी असेल तर ४४०सी ला खड्डे पडतात. तिथे टंगस्टन कार्बाइडची सीट बसवा, पण निकेल बाइंडरची (कार्बाइडचे कण धरून ठेवणारा धातू निकेल असलेली) मागा. कोबाल्ट बाइंडर पाण्यात झिजतो.

सीटची पट्टी अरुंद हवी, ०.२ ते ०.३ मिमी. ती १ मिमी रुंद ठेवली तर पाणी पट्टीच्या आतल्या कडेवर अडतंय की बाहेरच्या, हे दरवेळी बदलतं आणि तेवढ्यानेच सेटिंग सरकतं. सीट आणि गाइडचं भोक एकाच सेटिंगमध्ये काढा, समकेंद्रीपणा ०.०२ च्या आत. शेवटी ३ मायक्रॉनच्या डायमंड पेस्टने हलकं लॅपिंग. जास्त वेळ घासलं की पट्टी रुंद होते.

८ मिमी सीटसाठी स्प्रिंग: एसएस ३०२ ची तार ६ मिमी, सरासरी व्यास २४, चालू वेढे ८, एकूण १०, टोकं ग्राइंड केलेली. रेट सुमारे १०२ न्यूटन प्रति मिमी, मोकळी लांबी ७६ मिमी. पूर्ण लिफ्टला ताण ४५० एमपीएच्या आसपास, म्हणजे सुरक्षित. रिटर्नचं पाणी स्प्रिंगच्या घरात येतं, त्यामुळे क्रोम-व्हॅनेडियम वापरू नका, गंजेल.

अ‍ॅडजस्टिंग स्क्रू एम१६ × १.५ ठेवला तर एका फेऱ्याला ३० बार. स्क्रूच्या षटकोनी डोक्याची एक बाजू फिरवली की ५ बार. जुन्या ६ मिमी सीटला हेच ५३ आणि ९ बार झालं असतं, सेटिंग करणाऱ्याच्या हाताला ते फार तीव्र.

बॉल लावला तर नाही का चालणार, असं कुणी विचारण्याआधी सांगतो: बॉल जेटमध्ये गरगर फिरतो आणि त्याला डॅशपॉट जोडता येत नाही.

निफाड_एचटीपी

द्राक्षबागेच्या एचटीपी (फवारणीच्या) पंपावर असाच दिसणारा व्हॉल्व्ह असतो, म्हणून लिहितो. तो फवारणीभर बायपास करतच असतो. दाब राखणं हे त्याचं रोजचं काम, आणि सुटलेलं पाणी टाकीत औषध ढवळायला उपयोगी पडतं. दाबही ३०-४० किलोचा, म्हणजे जवळपास तेवढेच बार. तो नमुना २०० बारला घेऊ नका भाऊ. तुमचा व्हॉल्व्ह वर्षभर गप्प बसून एकदाच उघडायचा आहे. पितळी सीटचं काय होतं ते बघायचं असेल तर ऑक्टोबर छाटणीनंतर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारलेल्या पंपाची सीट उघडून बघा. चुन्याचे कण तिला खरवडून ठेवतात. तुमच्या पाण्यातली वाळू तेच करणार, आणि ते पाचपट दाबाने.

सातपूर_हायड्रॉलिक

रिटर्न राहिला. तो सक्शनवरून आजच काढा. व्हॉल्व्ह उघडल्यावर ११ किलोवॉट सगळे पाण्यात उष्णता होऊन उतरतात. दर फेरीला पाणी ५ अंशाने तापतं. सक्शन आणि पंप मिळून १ लिटर पाणी तेवढ्यातच फिरत राहिलं तर ३० वरून ६० अंशावर जायला बारा सेकंद पुरतात. बहुतेक प्लंजर पंपांच्या साध्या सील तिथेच हात टेकतात, आणि गरम पाण्याने सक्शनला कॅव्हिटेशन (वाफेचे बुडबुडे होऊन फुटणं) सुरू होतं. ५०० लिटरच्या टाकीत सोडलं तर तासाला १९ अंश. माणसाला लक्षात यायला तेवढा वेळ मिळतो. तरी टाकीला ५५ अंशाचा थर्मोस्टॅट लावून मोटर ट्रिप करा.

रिटर्न पाइप १ इंची, कमीत कमी बेंड, कुठेही कॉक नाही. रिटर्नमधला मागचा दाब जसाच्या तसा सेटिंगमध्ये मिळवला जातो. पंप आणि रिलीफ व्हॉल्व्ह यांच्यामध्येही कॉक नको. व्हॉल्व्ह पंपाच्या हेडलगत बसवा, आणि वाटेतला दाबाचा ऱ्हास सेटिंगच्या ३ टक्क्यांत, म्हणजे ६-७ बारमध्ये ठेवा. लांब बारीक नळीने जोडलेला व्हॉल्व्ह उघडला की नळीतला दाब पडतो, तो मिटतो, दाब परत येतो, पुन्हा उघडतो. कितीही चांगला डॅशपॉट असला तरी ही थरथर थांबत नाही.

अंबड_डिझाइन

सगळं टिपून घेतलं. ८ मिमी, ४४०सी, डॅशपॉट, बॅग फिल्टर, रिटर्न टाकीला. टेस्ट कोणत्या क्रमाने करू?

डॅशपॉट_सिन्नर

आधी बॉडी हँड पंपाने ३३० बारला, हवा पूर्ण काढून, दहा मिनिटं. मग त्याच हँड पंपाने क्रॅकिंग २२० ला बसवा, सलग तीन वेळा तेच यायला हवं. नंतर पंपावर, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) लावून आधी ४० टक्के वेगाने, मग १०-१० टक्क्यांनी वाढवत पूर्ण वेगापर्यंत. प्रत्येक टप्प्यावर दाब लिहा. ०-४०० चा ग्लिसरिन गेज ठेवाच, पण टोकं बघायला प्रेशर ट्रान्सड्यूसर कुणाकडून तरी आणा. पूर्ण वेगाला २४५ च्या वर गेला किंवा मिटताना २०० च्या खाली आला, तर कॉलर आणि फट पुन्हा मोजा. कमी वेगाची ट्रायल टाळू नका. अनलोडर अर्धवट अडकला तर ८-१० लिटरच रिलीफमधून जातील, लिफ्ट ०.१ मिमीच्याही खाली असेल आणि थरथर नेमकी तिथेच निघते.

ट्रायलच्या वेळी कुणीही हाताने गळती शोधायची नाही. २०० बारचं पाणी कातडीतून आत शिरतं आणि बाहेर टाचणीएवढंच भोक दिसतं. असं झालं तर मलमपट्टीवर न थांबता लगेच सर्जन असलेल्या हॉस्पिटलात न्या आणि दाब किती होता, पाण्यात काय मिसळलं होतं ते सांगा.

टूलरूम_नाशिक

सेटिंग झालं की लॉकनट घट्ट करून तार ओवून शिशाचं सील मारा. धुलाईचा जोर कमी वाटला की ऑपरेटर आधी हाच स्क्रू आवळतात, खरं तर तेव्हा झिजलेली असते ती नोझल. स्प्रिंगच्या घरात एक नळीचा तुकडा घाला, अशा मापाचा की २३५ बारच्या पुढे स्क्रू आवळताच येणार नाही. सील तुटलं तरी तो थांबवतो.