सोटोला 15 वर्षं? मेट्सवाल्यांनी वय मोजलं नाही का?

खमंग_पोहे:
मंडळी, दोन वर्षं मुलाच्या नादानं बेसबॉल बघतोय. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, घरात मेट्स, म्हणजे न्यूयॉर्कचा बेसबॉल संघ. डिसेंबर 2024 मध्ये त्यांनी फलंदाज हुआन सोटोला 15 वर्षांसाठी 76.5 कोटी डॉलर कबूल केले तेव्हा चिरंजीव सोफ्यावर नाचले. मी आपलं मनात गणित केलं. आत्ता 26, करार संपेल तेव्हा 41. माझ्या गुडघ्यांनी त्या वयात जिन्याला नकार दिला होता!

2025 मध्ये गड्यानं 43 होमरन मारले, 38 बेस चोरले (म्हणजे पिचरच्या नजरेआड पळून पुढचा तळ गाठला). तरी संघ 83 जिंकून 79 हरला, शेवटच्या दिवशी मायामीकडून हरून प्लेऑफच्या बाहेर. आयपीएलला निदान प्रत्येक संघाची थैली ठरलेली असते, 2025 ला ती 120 कोटींची होती. पंतला 27 दिले की बाकीच्यांच्या ताटातले तेवढे कमी झाले. इथे थैलीला बूडच नाही का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

आळशी_बोका:
मेट्सचा मालक अब्जाधीश स्टीव्ह कोहेन आहे. संपला धागा.

तीन_नद्यांकाठी:
नाही हो संपला. मी पिट्सबर्गकर, म्हणजे तिथल्या पायरेट्स संघाचा, म्हणजे हिवाळ्यात करार होतात तेव्हा दुसऱ्याच्या लग्नातला मेन्यू वाचणारा.

थैली नाही, पण उंबरठा आहे. 2025 ला तो 24.1 कोटी डॉलर होता. पगारांची बेरीज त्यावर गेली की वरच्या रकमेवर कर, आणि ओळीनं ओलांडत राहिलात की दर चढतो. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी 2024 चा नुसता कर 10 कोटींच्या वर भरला नि त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपद, जिंकली. टोलनाक्यावर काच खाली करून नोट द्यावी, तसे देतात.

आता वय. पहिली सहा वर्षं खेळाडू संघाच्या ताब्यात. त्यातली साधारण तीन वर्षं संघ देईल तो पगार, पुढे पगारावर एकमत झालं नाही तर लवाद ठरवतो. 2025 ला किमान पगार होता 7,60,000 डॉलर. आमचा पिचर, म्हणजे गोलंदाज, पॉल स्कीन्स घ्या. चेंडू त्याच्या हातातून सुटताना दिसतो, मग एकदम कॅचरच्या ग्लोव्हमधला ठप्प आवाज, मधलं काही कळत नाही. 2025 चा नॅशनल लीगचा साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार त्याला एकमतानं मिळाला. पगार? दहा लाखांच्या आत!

अशी सहा वर्षं काढून माणूस बाजारात येतो तेव्हा बहुधा तिशीला टेकलेला असतो. सोटो 19 व्या वर्षीच वॉशिंग्टन नॅशनल्सकडून मैदानात उतरला, म्हणून 26 ला मोकळा झाला. ऐन भरातली वर्षं अजून शिल्लक असलेला असा माल क्वचित येतो. मेट्सना हवा आहे तो पुढच्या सात-आठ वर्षांतला सोटो. चाळिशीतला त्याच्याबरोबर गळ्यात आलाय. शिवाय कराचा हिशेब सरासरीवर, त्यामुळे वर्षं वाढवली की दरसाल 5.1 कोटीच दिसतात.

आमच्याकडे 2023 मध्ये ब्रायन रेनल्ड्सला 8 वर्षांचे 10.675 कोटी दिले, तो तोवरचा क्लबचा सगळ्यात मोठा करार. आणि 2015 नंतर प्लेऑफ बघितलेला नाही. असो.

खमंग_पोहे:
धन्यवाद! पण मग डॉजर्सचा ओहतानी 10 वर्षांच्या 70 कोटी डॉलरच्या करारात वर्षाला 20 लाखच घेतो, ते कसं?

तीन_नद्यांकाठी:
उरलेले दरसाल 6.8 कोटी त्याला 2034 ते 2043 मध्ये मिळणार, बिनव्याजी. म्हणून करासाठी वर्षाला 7 कोटी न धरता सुमारे 4.6 धरतात.

उधारीत तुमचे मेट्स जुने खेळाडू आहेत. त्यांचा जुना खेळाडू बॉबी बोनिया, त्याचे 59 लाख डॉलर द्यायचे होते. 2000 मध्ये 8 टक्के व्याज ठरवून ते पुढे ढकलले. 2011 पासून दर 1 जुलैला त्याला 11,93,248 डॉलर आणि 20 सेंट जातात, 2035 पर्यंत. तेव्हा तो 72 चा असेल. तुम्ही 41 चं काय घेऊन बसलात!

खमंग_पोहे:
वीस सेंटसुद्धा? चिरंजीवांनी फ्रिजवरच्या कालनिर्णयात 1 जुलैला गोल केलाय.