मदत हवी आहे: खतावणी आणि संगणकावरच्या येणे रकमेत १,८३,४६० चा फरक

पेठेतली_सून

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

सांगलीत गणपती पेठेत आमचं किराणा-भुसारचं घाऊक दुकान आहे. भागीदारी पेढी, उलाढाल वर्षाला साडेतीन कोटींच्या आसपास. गिऱ्हाईक म्हणजे वाळवा, पलूस, तासगावकडचे गावोगावचे दुकानदार. १९८४ पासून हिशेब एकाच माणसाकडे, आमचे दिवाणजीकाका. रोजमेळ (रोजचा जमाखर्च), खतावणी (पार्टीवार खाती), वर्षअखेरीला तेरीज (सगळ्या बाक्यांचा गोषवारा), सगळं लाल कापडी बांधणीच्या चोपड्यांत. सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, कुठल्या पार्टीची बाकी विचारली की ते दिवाणजींकडे बघतात आणि दिवाणजी वही न उघडता सांगतात.

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं आणि पेठ बुडाली. पोती गेली ती गेलीच, पण चोपड्या गादीजवळच्या खालच्या कपाटात होत्या. पाणी ओसरल्यावर पानं सुटी करून गच्चीवर कुरडया घालतात तशी वाळत घातली. निम्मी शाई वाहून गेलेली. बाक्या काही दिवाणजींच्या डोक्यातून आणि उरलेल्या गिऱ्हाइकांच्या तोंडून लिहून काढल्या. बहुतेकांनी खऱ्या सांगितल्या. (सगळ्यांनी नाही.) तेव्हापासून अण्णांच्या मनात संगणक होता, पण प्रत्यक्ष यायला २०२५ उजाडलं. मी बी.कॉम. आहे, लेक शाळेत जायला लागली, म्हणून काम माझ्याकडे आलं.

१ एप्रिलपासून टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) सुरू केली. दिवाणजींची वहीही चालूच ठेवली, दोन्ही सहा महिने बरोबरीने चालवू असं ठरलं. बिलं फटाफट निघतात. २२ सप्टेंबरला जीएसटीचे दर बदलले, बिस्किटं १८ वरून ५ वर, तूप आणि फरसाण १२ वरून ५ वर, तेव्हा माझं एका दुपारचं काम झालं. दिवाणजीकाका शेजारी बसून बघत होते. म्हणाले, "हे बरं आहे."

पण सप्टेंबरअखेर दोन्हीकडचं येणं लावून बघितलं तर:

खतावणीप्रमाणे येणे ४१,८७,३००
संगणकाप्रमाणे येणे ४३,७०,७६०

फरक १,८३,४६०. तीन रात्री बसले. साधारण साडेतीनशे पार्ट्या आहेत, त्यातल्या चाळीसेक जुळत नाहीत, आणि मध्येच डोळ्यापुढे आकडे नाचायला लागतात. नुसत्या 'पाटील किराणा' नावाच्या पाच पार्ट्या आहेत.

एक गोष्ट मला दिसते ती सांगते. यूपीआयने पैसे येतात तेव्हा बँकेच्या उताऱ्यात नाव भलतंच असतं. खातं दुकानदाराचं, पैसे सुनेच्या नाहीतर पोराच्या फोनवरून. मला कळत नाही ते मी 'अज्ञात जमा' असं एक खातं काढून त्यात टाकते. आज त्यात १,२१,७५० आहेत. दिवाणजींना मात्र पार्टीचा फोन येतो, "काका, पैसे सोडलेत बघा", आणि ते लगेच त्या नावावर जमा करतात. फोन त्यांना येतो, उतारा मला येतो.

हे वजा केलं तरी ६१,७१० उरतात. ते कुठून आले?

दुसरं, एका जुन्या पुरवठादाराचं बिल आमच्या २बी मध्ये (पुरवठादारांनी आमच्या नावे दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी) दिसत नाही. खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं सात हजारांचं क्रेडिट अडकलंय.

तिसरं जरा नाजूक आहे. सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्याने उधारीच्या आठवणीचे व्हॉट्सअॅप मेसेज आपोआप जातील अशी सोय करून दिली. मुदत सगळ्यांना सरसकट ३० दिवस. वाळव्याकडचे एक दुकानदार, बावीस वर्षांचं खातं, त्यांना "आपले देयक थकीत आहे, त्वरित भरणा करावा" असा मेसेज गेला. दुसऱ्या दिवशी एसटीने आले, नोटा गादीवर ठेवल्या, "खातं बंद करा" म्हणाले आणि चहा न घेता गेले. अण्णा त्या दिवसापासून माझ्याशी बोलतात, पण जेवताना नाही.

लक्ष्मीपूजन तोंडावर आहे. नव्या चोपड्यांची ऑर्डर द्यायची की नाही, हे अण्णांनी माझ्यावर सोडलंय. त्याआधी हा फरक मिटायला हवा. कुणी वाट दाखवेल का?

भडंगवाला

ताई, पहिलं काम म्हंजे ते मेसेज बंद करा. बाकीचं नंतर. आवो गावातल्या दुकानदाराचं गिऱ्हाईक शेतकरी. शेतकऱ्याचा पैसा उसाच्या बिलावर. ऊस गेल्यावर १४ दिवसांत बिल द्यायचं असा कायदा हाय, पर कारखाना कवा देईल ते कारखान्यालाच ठावं. मग दुकानदार तुमास्नी ३० दिवसांत कुठनं देणार? ह्ये दिवाणजीला म्हाईत अस्तंय, मशिनीला न्हाई.

आन त्या वाळव्याच्या पाव्हण्याकडं फोन करू नका. अण्णांस्नी घेऊन जावा.

जमाखर्च_मिरज

मी मिरजेत सीए आहे. क्रमाने बघू.

आधी मला सांगा, एप्रिलमध्ये जुन्या बाक्या टॅलीत भरल्या तेव्हा ताळेबंदात 'डिफरन्स इन ओपनिंग बॅलन्सेस' (सुरुवातीच्या बाक्यांतला फरक) अशी ओळ आली होती का? आली असेल तर ती घालवली कशी? माझ्याकडे येणाऱ्या दर तीन पेढ्यांपैकी एकीत ती ओळ कुणीतरी 'मिटवलेली' असते. मिटवलेली म्हणजे दुरुस्त केलेली नव्हे.

कसर-वटावाचं (सोडून दिलेल्या किरकोळ रकमांचं) काय करता? दिवाणजी शंभर-दीडशे रुपये सोडून देत असतील आणि वहीत खातं पुरं करत असतील. तुमच्याकडे तेवढी बाकी लोंबकळत राहते. नुसती कसर सोडली असेल तर वटाव खात्याला नावे (खर्ची) टाका. माल परत आला किंवा फुटक्या पोत्याची भरपाई दिली असेल तर जीएसटीची क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) निघाली पाहिजे, ती तिमाहीच्या विवरणात जाईल. तुमचं जुलै-सप्टेंबरचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरण, १३ तारखेला आहे, त्याआधी हे उरका.

२बी चं: त्या पुरवठादाराने बिल बहुधा तुमचा जीएसटी नंबर न घालता किरकोळ विक्रीत दाखवलंय. त्याला फोन करा, पुढच्या विवरणात दुरुस्ती करता येते. २०२२ पासून नियम स्पष्ट आहे, २बी मध्ये नाही तर क्रेडिट नाही, हातात छापील बिल असलं तरी. त्याची उलाढाल ५ कोटींच्या वर असती तर ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस (पोर्टलवर नोंदवलेलं बिल) सक्तीचं आहे, मग तुमचा नंबर बिल करतानाच पोर्टलवर गेला असता. लहान पुरवठादारांच्या बाबतीत हे हातानेच तपासावं लागतं. दर महिन्याला तपासा, तिमाही संपायची वाट बघू नका.

तासगावकरीण

यूपीआयचं दुखणं आमच्याकडेही होतं (बेदाण्याची अडत). दोन गोष्टी केल्या.

टॅलीत प्रत्येक खात्याला टोपणनावं देता येतात, अलायस म्हणतात त्याला. पार्टीच्या खात्याला तिच्या बायकोचं, पोराचं, भावाचं, ज्याच्या फोनवरून पैसे येतात त्याचं नाव जोडून टाका. उताऱ्यातलं नाव टाइप केलं की बरोबर खातं पुढे येतं. ही नावं तुम्हाला कुठल्या फायलीत मिळणार नाहीत. दिवाणजींना समोर बसवा आणि विचारा. आम्हाला दोन दुपारी लागल्या, आणि कोण कुणाचा साडू ते सगळं कळलं, ते वेगळंच.

दुसरं, गल्ल्यावरच्या क्यूआरवर घाऊक पार्टीचे पैसे घेऊ नका. आमच्या क्यूआरची दिवसभराची जमा दुसऱ्या दिवशी एकरकमी खात्यात पडते, मग कुणाचे किती ते शोधत बसा. मोठ्या पार्ट्यांना चालू खात्याचा नंबरच द्या. स्क्रीनशॉटवर विश्वास नको, तो १२ आकडी व्यवहार क्रमांक उताऱ्याशी ताडून बघायचा. आम्ही एकदा पोळलोय.

कृष्णाकाठ

विषय सोडून विचारतो. तुमचा टॅलीचा संगणक कुठे ठेवलाय? तळमजल्यावरच ना?

पेठेतली_सून

@कृष्णाकाठ, हो. तळमजल्यावर. त्याच कपाटाच्या वर. तुम्ही विचारल्यावर माझ्या पोटात गोळा आला.

@भडंगवाला, मेसेज कालच बंद केले. अण्णा रविवारी वाळव्याला चाललेत, मलाही चल म्हणालेत.

@जमाखर्च_मिरज सर, ती ओळ आली होती! बसवून द्यायला आलेल्या मुलाने "मॅडम, हे मी अॅडजस्ट करतो" म्हणून काहीतरी केलं आणि ओळ गेली. आज शोधलं. अण्णांच्या भांडवल खात्यात ५४,००० जास्तीचे जमा आहेत. अण्णा म्हणाले, मी तर काहीच घातले नाहीत.

जमाखर्च_मिरज

मग चोर सापडला, आता त्याचं घर शोधा. १ एप्रिलची एकेक बाकी वहीशी लावा. आणि टॅलीत एडिट लॉग चालू करा. कुणी काय बदललं याची नोंद राहते. एप्रिल २०२३ पासून ते कंपन्यांनाच सक्तीचं आहे, तुमच्यासारख्या भागीदारीला नाही, तरी ठेवा. पुढच्या वेळी 'अॅडजस्ट' करणाऱ्याचा हात दिसेल.

कृष्णाकाठ यांचा प्रश्न विषय सोडून नाही. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवायचे असतात. रोज संध्याकाळी एक बॅकअप क्लाउडवर, आठवड्याला एक पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह पेठेत नको.

पेठेतली_सून

मंडळी, सापडलं.

साडेतीनशे बाक्या लावायच्या म्हणून मी खतावणी उघडून बसले. दिवाणजीकाका समोर सुपारी कातरत होते. विचारलं, किती राहिलाय? म्हटलं, ५४,०००. दोन क्षण थांबले आणि म्हणाले, "नऊने भाग जातोय. आकडा उलटा पडलाय. ५४ ला नऊने भागून सहा आले ना? मग सहाचा फरक असलेली जोडी बघ. १७ चे ७१, २८ चे ८२, नाहीतर ३९ चे ९३." आणि मी पान उलटायच्या आत, "पलूसचे पाटील १७,८०० वर होते मार्चअखेर."

टॅलीत ७१,८००. मीच टाकलेत, एप्रिलच्या २ तारखेला, रात्री पावणेअकराला. बी.कॉम.ला पाच विषयांत हिशेब शिकले, नऊची ही खूण कुणी सांगितली नव्हती. की सांगितली होती आणि मी त्या दिवशी गैरहजर होते, देव जाणे.

राहिलेले ७,७१० कसरीचे. दिवाणजींनी वहीत 'क' अशी खूण करून ठेवलेली आहे, ३१ ठिकाणी. त्यातल्या चार फुटक्या पोत्यांच्या आहेत, त्यांच्या क्रेडिट नोटा काढल्या. अज्ञात जमेतले १,२१,७५० पैकी १,०९,२५० ना नावं मिळाली. १२,५०० कुणाचे आहेत ते दिवाणजींनाही माहीत नाही. म्हणाले, ज्याचे असतील तो येईल. मला हे पटत नाही, पण आत्तापुरतं ठेवलंय.

तासगावच्या ताई, टोपणनावांसाठी काका रोज तीन ते चार बसतात माझ्याजवळ. त्याच बैठकीत प्रत्येक पार्टीची खरी मुदतही भरून घेतेय. कुणाची ४५, कुणाची ९०, आणि अकरा जणांच्या पुढे त्यांनी नुसतं 'ऊस' लिहायला सांगितलं. टॅलीत मुदतीच्या जागी 'ऊस' लिहिता येत नाही. सध्या १८० टाकलेत.

संगणक पहिल्या मजल्यावर नेला. पेनड्राइव्ह विश्रामबागेत नणंदेकडे, दर सोमवारी.

वाळव्याला जाऊन आलो. त्यांनी खातं पुन्हा उघडायला सांगितलं नाही, पण निघताना यादी दिली, दहा पोती साखर आणि चार पोती पोहे. गाडीत अण्णा म्हणाले, उधारीवर लिही.

चोपड्यांची ऑर्डर दिली. दरवर्षी सात असतात, यंदा दोन. एक रोजमेळाची, आणि एक काकांना हवी होती, कशाला ते सांगत नाहीत.

पुरवठादाराचं २बी अजून अडकलेलंच आहे. तो "करतो, करतो" म्हणतोय.