गाड्यांची आगोट: टाळेबंदीत जुन्या गाड्यांच्या क्लबने करायचं काय?

पडवीतली पद्मिनी | १७ मे २०२०

गुहागर-चिपळूण भागातला छोटासा क्लब आहे. नऊ गाड्या: चार प्रीमियर पद्मिनी, दोन अ‍ॅम्बॅसेडर, दोन महिंद्राच्या जुन्या जीप आणि एक स्टँडर्ड हेरल्ड. महिन्यातून एकदा भेटायचं, एखादी गाडी उघडायची, छोटी फेरी मारायची, एवढाच आमचा कार्यक्रम. कोरोनाच्या टाळेबंदीमुळे २५ मार्चपासून तोही बंद. मिरगाला तीन आठवडे राहिलेत आणि गाड्यांच्या आगोटीला (पावसाळ्याआधीच्या तयारीला) कोणी हात लावलेला नाही.

तीन गाड्यांचे मालक मुंबईत अडकलेत, गाड्या गावच्या पडवीत. घरी फक्त म्हातारी माणसं. पास काढून मालक आले तरी चौदा दिवस विलगीकरण. इथल्यांपैकी दोघे रोज सकाळी पाच मिनिटं इंजिन चालू करतात, बाकीच्यांनी शिमग्यानंतर बॉनेटही उघडलेलं नाही. बरोबर कोण? टाकी भरून ठेवायची की रिकामी? हत्यारं आणि सुट्या भागांची पेटी एकाच घरी आहे, ती फिरवायची कशी? आणि ग्रुपवर जुन्या गाड्यांचे फोटो फॉरवर्ड करण्यापलीकडे क्लब म्हणून काही करता येईल का?

---

पाना दहा-अकरा | १७ मे २०२०

पाच मिनिटंवाले चुकतायत. बॉनेट न उघडणारे त्यांच्यापेक्षा बरे, असं म्हणण्याची वेळ आहे.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी तयार होतं. गरम इंजिनात ते वाफ होऊन निघून जातं. पाच मिनिटांत सायलेन्सर गरमच होत नाही, त्यामुळे पाणी आतच साचतं आणि पत्रा आतून खातं. थोडं रिंगांवरून ऑइलमध्येही उतरतं. ऑइल भरायचं झाकण उघडून बघा, आतून दुधाळ पिवळसर लोणी दिसलं तर हेच झालंय. शिवाय चोक ओढून, म्हणजे जादा पेट्रोल देऊन, चालवल्याने सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतलं जातं ते वेगळंच.

बॅटरीचंही तसंच. डायनॅमोची गाडी आयडलिंगला चार्जिंग करतच नाही म्हटलं तरी चालेल, लाल दिवा मिणमिणत असतो तो त्यासाठीच. स्टार्टरने ओढलेला करंट पाच मिनिटांत परत येत नाही. रोज थोडी थोडी खाली जाते आणि पंधरा दिवसांनी ‘बॅटरी खराब निघाली’ म्हणून ओरड.

गाडी वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर चालवता येत असेल तर चालू करा. नाहीतर किल्ली लावूच नका, नीट झोपवा.

झोपवताना आधी ऑइल बदला. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल असतं, ते चार महिने बेअरिंगवर ठेवू नका. मग प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिली, इंजिन ऑइल टाका. गाडी न्यूट्रलला ठेवून पुढून लावायच्या हँडलने इंजिन चार-पाच वेळा फिरवा आणि प्लग परत हाताने लावा. पुढे दर रविवारी हँडलचे चार फेरे. प्लग न काढता फिरवत असाल तर इग्निशन बंद आहे याची दोनदा खात्री करा आणि अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा. हँडल उलटं आलं तर मनगट जातं.

बॅटरीची बॉडीला लागलेली वायर आधी सोडा. ‘निगेटिव्ह काढा’ असं मुद्दाम म्हणत नाही, कारण जुन्या लुकास वायरिंगच्या काही गाड्यांत बॉडीला पॉझिटिव्ह टोक जोडलेलं असतं. दर महिन्याला व्होल्टेज बघा. बारा तास विश्रांतीनंतर १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ च्या खाली गेली की चार्जिंगला लावा. ४० एएचच्या बॅटरीला ४ अँपिअर पुरे. डिस्टिल्ड पाणी प्लेटच्या वर बोटाच्या एका पेरापेक्षा जास्त नको. चार्जिंग मोकळ्या जागेत, चुलीपासून लांब.

हँडब्रेक सोडून ठेवा. ब्रेकच्या ड्रममध्ये ओल गेली की लायनिंग ड्रमला चिकटतं. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा.

---

खाडीकाठ | १८ मे २०२०

वरचं सगळं मान्य. पण आपल्याकडे पावसाळ्यात इंजिनाआधी पत्रा जातो, त्यावर कोणी बोलत नाही.

आगोटीचं पहिलं काम पाण्याची नळी. लाल माती आणि खारट वाऱ्याचा थर गाडीखाली बसलेला असतो, तो कोरडा आहे तोवर गप्प असतो, हवेत ओल आली की खायला सुरुवात करतो. गोड्या पाण्याने खालून धुवा. खाजणाजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते नको. दरवाज्यांच्या तळाची भोकं तारेने मोकळी करा, त्यातून माती निघतेच निघते. पद्मिनीत सिल (दरवाज्याखालची पट्टी) आणि जॅक लावायची जागा, अ‍ॅम्बॅसेडरमध्ये मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, हेरल्डमध्ये चासीपासून बाहेर आलेले हात, इथे स्क्रू ड्रायव्हरने हलकेच टोचून बघा. दोन दिवस कडकडीत उन्हात वाळवल्यावरच काळं ऑइल किंवा अंडरकोट मारा. ओल्यावर मारलंत तर ओल आत कोंडते. ऑइल ब्रेकच्या होजवर आणि सस्पेन्शनच्या रबरांवर उडू देऊ नका, रबर फुगतं.

ताडपत्री गाडीला चिकटवून बांधू नका. आतून घाम सुटतो आणि रंगाला फोड येतात. सुती कव्हर घाला, ताडपत्री वर मांडवासारखी ताणा, मध्ये दीड-दोन फूट हवा राहू द्या. जमीन मातीची किंवा सारवलेली असेल तर जाड प्लास्टिक पसरून त्यावर फळ्या आणि मग गाडी. पावसाळ्यात जमिनीतून जेवढी ओल वर येते तेवढी कौलातूनही येत नाही.

आत ओल शोषायला कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात, पण त्यात साठणारं पाणी लोखंडाला विषासारखं. खोल भांड्यात ठेवा, आठवड्याला ओता. काच वरून बोटभर उघडी ठेवून तिथे बारीक जाळी लावा. बॉनेटखाली बल्ब लावून ऊब देण्याची जुनी पद्धत चांगली आहे, फक्त ४० वॉटचा पिवळा बल्ब हवा. एलईडी लावून उजेड पडेल, ऊब नाही.

उंदीर-घुशींसाठी सायलेन्सरच्या तोंडात आणि एअर क्लीनरच्या नळीत तारेची जाळी बसवा आणि स्टिअरिंगला चिठ्ठी बांधा: ‘जाळ्या काढा’. चिठ्ठी विसरणारे दर वर्षी निघतात.

आणखी एक, हे या वर्षीचंच. फवारणीचं हायपोक्लोराइट क्रोमला आणि अ‍ॅल्युमिनियमला खातं, पडवीत फवारणार असतील तर गाडी झाका. जुन्या स्टिअरिंगवर आणि डॅशबोर्डच्या वॉर्निशवर सॅनिटायझर चोळू नका, चकाकी जाते. साबणाच्या पाण्याचं फडकं पुरेसं आहे.

---

डायनॅमो | १८ मे २०२०

टाकीचा प्रश्न राहिला. माझं मत: गळ्यापर्यंत भरा. लोखंडी टाकीत जेवढी मोकळी हवा तेवढी ओल, रात्री थंडावली की तिचे थेंब, थेंबांचा गंज.

---

पाना दहा-अकरा | १८ मे २०२०

हे पूर्वीच्या पेट्रोलला खरं होतं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं (२०२० मध्ये दहा टक्क्यांपर्यंत) आणि ते हवेतलं पाणी ओढतं. दहा टक्के इथेनॉल असेल तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास पाणी झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतात. चाळीस लिटरला साधारण २०० मिली, एक मोठा पेला. पंपाची नळी नेमकी तळातूनच ओढते.

---

डायनॅमो | १९ मे २०२०

म्हणूनच भरा म्हणतो. भरलेल्या टाकीत हवा येणार कुठून? तुम्ही रिकामी ठेवली तर आतल्या जुन्या गंजाचे पापुद्रे सुटतात, आणि पहिल्याच दिवशी फिल्टर तुंबतो.

मधला मार्ग सांगतो. दीड महिन्यात गाडी फिरणार असेल तर पूर्ण भरा. गणपतीपर्यंत हलणारच नसेल आणि टाकी आतून चांगली असेल तर पेट्रोल काढून रोजच्या दुचाकीत वापरा. काढायचं काम उघड्यावर, बॅटरी सुटलेली, आसपास विडी-काडी नाही. टाकी आतून गंजलेली असेल तर भरलेलीच राहू द्या. कार्ब्युरेटरचं फ्लोट चेंबर मात्र दोन्ही वेळा रिकामं करा, नाहीतर जेटमध्ये चिकट वॉर्निश बसतं. आणि पेट्रोल पंपाचा डायफ्राम जुन्या रबराचा असेल तर आत्ताच बदला. तो फाटला की पेट्रोल थेट संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या पात्रात) उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं आणि वास आला तर चालू न करता थांबा.

---

पडवीतली पद्मिनी | २० मे २०२०

आभार. आज बघितलं तर एका अ‍ॅम्बॅसेडरचा हँडब्रेक मार्चपासून ओढलेला होता. सोडला तरी मागचं डावं चाक जाम. इंजिनच्या जोरावर ओढून काढू का?

---

पाना दहा-अकरा | २० मे २०२०

नको. जोर लावलात तर लायनिंग रिव्हेटमधून सुटतं आणि ड्रममध्येच अडकतं. पुढच्या चाकांना ठोकळे लावा, मागची बाजू जॅकवर घ्या, अ‍ॅक्सलखाली स्टँड द्या (जॅकवर भरवसा ठेवून खाली जाऊ नका). हँडब्रेकची केबल ढिली करा, बॅकप्लेटमागचा अ‍ॅडजस्टर पूर्ण सोडा. मग लाकडी हातोड्याने ड्रमच्या कडेला गोल फिरत ठोका, चाक पुढे-मागे हलवत राहा. सुटतं. सुटल्यावर ड्रम काढून व्हील सिलिंडरचं (ब्रेक दाबणाऱ्या चाकातल्या छोट्या सिलिंडरचं) रबर उचलून बघा; आत ओल असेल तर ऑइल गळतंय. ब्रेक ऑइल स्वतःच पाणी पितं, दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर सगळंच बदला. लायनिंगवर गंज सोडवायचा स्प्रे मारू नका.

---

खाडीकाठ | २१ मे २०२०

क्लबने काय करावं, याचं उत्तर अजून कोणी दिलं नाही.

नोंदवही सुरू करा. दर रविवारी प्रत्येक गाडीमागे चारच गोष्टी ग्रुपवर: बॅटरीचं व्होल्टेज, टायरचं प्रेशर (एरवी २४-२६ भरत असाल तर आता ३२), चाकं पाव फेरा सरकवली का, आणि रात्रभर गाडीखाली पसरलेल्या वर्तमानपत्राचा फोटो. डाग कुठे पडला त्यावरून पुष्कळ कळतं. मध्ये काळा डाग असेल तर संप, चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट फिकट डाग असेल तर व्हील सिलिंडर, पुढे हिरवट असेल तर रेडिएटर. मालक मुंबईत असेल तर हे काम घरचं कोणीही करू शकतं. आजोबांना बॉनेट उघडायला सांगायची गरज नाही, कागद पसरणं आणि फोटो काढणं एवढंच. चाकं सरकवायला मात्र कोणाला पाठवू नका, त्या तीन गाड्या सरळ स्टँडवर घ्या. पद्मिनीला मागे अ‍ॅक्सलच्या नळीखाली, पुढे क्रॉस मेंबरखाली, फ्लोअरखाली कधीच नाही.

व्हिडिओ कॉलवर एका रविवारी एकच भाग घ्या. सोलेक्स कार्ब्युरेटर घेतलात तर पांढरं कापड पसरून एकाने उघडावा, बाकीच्यांनी बघावं. मिक्स्चर स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत बसेपर्यंत किती फेरे गेला ते मोजून लिहा, तेवढेच फेरे परत सोडायचे. घट्ट पिळलात तर टोक खराब होतं आणि आयडलिंग कायमचं बिघडतं. फोन एका जागी टेकवून ठेवा. हातात धरून दाखवलेला कार्ब्युरेटर कोणालाच दिसत नाही.

पेटीसाठी: सगळी पेटी फिरवू नका. मागितलेली वस्तू प्लास्टिकच्या डब्यात घालून खळ्याच्या (अंगणाच्या) कडेला ठेवा, दुसऱ्याने नंतर उचलावी. प्लास्टिक आणि स्टीलवर कोरोनाचा विषाणू तीन दिवसांपर्यंत सापडला आहे, म्हणून डबा तीन दिवस तसाच. पाने रॉकेलने पुसून परत करावेत, तसा नियम एरवीही हवा होता.

---

डायनॅमो | ७ जून २०२०

३ तारखेच्या निसर्ग वादळात दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे कौलं-पत्रे उडून गाड्या भिजल्यात, त्यांच्यासाठी. चालू करून बघण्याचा मोह आवरा. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून वाळवा, डिपस्टिक बघा, सीट आणि खालचं फेल्ट बाहेर काढा. फेल्ट आठ दिवस ओलं राहतं आणि फ्लोअर तिथूनच सडतो. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत चढलं असेल तर बेअरिंगचं ग्रीस, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल बदलल्याशिवाय गाडी हलवू नका.

---

पडवीतली पद्मिनी | १६ ऑगस्ट २०२०

२२ ला गणपती. चार गाड्या उठवायच्या आहेत आणि जमलं तर पुढे सप्टेंबरात तालुक्यातच एक फेरी. क्रम सांगा.

---

पाना दहा-अकरा | १६ ऑगस्ट २०२०

आधी ‘जाळ्या काढा’ची चिठ्ठी वाचा. प्लग काढून हँडलने वीस फेरे, आत टाकलेलं ऑइल उडून जाईल. ताजं पेट्रोल, फिल्टर नवा. प्लग बसवण्याआधी स्टार्टर दहा-दहा सेकंद फिरवा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग सुरू करा. पहिली दोन-तीन मिनिटं निळा धूर येईल, घाबरू नका. क्लच दाबून गिअर पडत नसेल तर प्लेट फ्लायव्हीलला चिकटली आहे. इंजिन गरम झाल्यावर बंद करा, मोकळ्या सपाट जागी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा, क्लच दाबून धरा आणि स्टार्टर मारा, दोन-तीन प्रयत्नांत सुटते. शेवटी खळ्यातच दहा वेळा ब्रेक मारून बघा. गेटच्या बाहेर त्यानंतर.

---

खाडीकाठ | १७ ऑगस्ट २०२०

फेरीला गाड्या पाच-पाच मिनिटांनी सोडा, एका गाडीत एका घरचीच माणसं, चहाचा थांबा नाही. गुहागर-वेळणेश्वर-हेदवी आणि परत, एवढं पुरे. लांबचा घाट पहिल्याच दिवशी नको, चार महिने झोपलेल्या ब्रेकची परीक्षा तिथे घेऊ नये. तवसाळ-जयगड किंवा धोपावे-दाभोळ फेरीबोट घेतलीत तर धक्क्याच्या उतारावर चाकं खाऱ्या पाण्यात जातात, त्याच संध्याकाळी खालून धुवा. मागच्या पाट्यांच्या मधल्या फटीत नळी धरा, मीठ तिथे बसतं.