मदत हवी आहे: सी++ आणि पायथनमध्ये शेअर्ड मेमरी, पायथन बंद केला की सेगमेंट गायब

लिनक्स, पायथन ३.१०. मेमरीचा एकच सामायिक भाग (सेगमेंट) दोन्ही प्रोग्रॅम वापरतात. सी++ प्रोग्रॅम एसएचएम_ओपन (सेगमेंट उघडणं), एफट्रंकेट (आकार ठरवणं), एममॅप (प्रोग्रॅमच्या मेमरीत जोडणं) करून कॅमेऱ्याची फ्रेम लिहितो: १९२०×१०८०, तीन चॅनेल, म्हणजे ६२,२०,८०० बाइट. फ्रेमच्या आधी हेडर: ३२ बिटी क्रमांक आणि डबलमध्ये (८ बाइटचा अपूर्णांकी आकडा) वेळ. पायथन शेअर्डमेमरी क्लासने वाचतो. तीन अडचणी:

पायथन बंद करून परत चालवला की फाइलनॉटफाउंडएरर (सेगमेंट सापडत नाही), सी++ मात्र चालूच असतो. वेळेचा आकडा भलताच येतो. लाल वस्तू निळी दिसते. चॅनेल उलटे करूनही रंग जुळत नाहीत.

प्रतिसाद

हिरवी वस्तू लाल दिसते का बघा. बीजीआर-आरजीबीची (निळा-हिरवा-लाल आणि लाल-हिरवा-निळा या क्रमांची) नुसती अदलाबदल असती तर हिरवा जागचा हलला नसता. तो हलत असेल तर डेटा ४ बाइटने सरकलाय. सी++चा कंपायलर डबलला ८च्या पटीत बसवतो, म्हणून क्रमांकानंतर ४ बाइट रिकामे आणि हेडर १६ बाइटचं. पायथनच्या स्ट्रक्ट फॉरमॅटमध्ये (बाइट कसे वाचायचे हे सांगणारी अक्षरं) सुरुवातीला '<' दिलं असेल तर पॅडिंग (हे रिकामे बाइट) धरलं जात नाही, हेडर १२ बाइटचं होतं. वेळही त्यामुळेच चुकते. 'आय' (क्रमांक) आणि 'डी' (डबल) यांच्या मध्ये '४एक्स' (४ रिकामे बाइट) घाला, फ्रेम ऑफसेट १६पासून वाचा. सी++मध्ये हेडरचं साइझऑफ १६ आहे याचा स्टॅटिक_असर्ट (कंपाइल होतानाच होणारी तपासणी) ठेवाच; उद्या कोणी फील्ड वाढवून हेडरचा आकार बदलला तर बिल्ड तिथेच अडेल.

सेगमेंट पुसतो तो पायथनचा रिसोर्स ट्रॅकर (उरलेली संसाधनं साफ करणारा भाग). नुसतं जोडून घेतलेलं सेगमेंटही तो आपलंच समजतो आणि प्रोसेस संपताना अनलिंक करतो (त्याचं नाव पुसतो). सी++चं मॅपिंग जिवंत राहतं, पण नाव गेलेलं असतं. /डेव्ह/एसएचएममध्ये (सेगमेंट जिथे फाइलसारखे दिसतात ती डिरेक्टरी) एलएस करून खात्री करा. पायथन ३.१३पासून ट्रॅक=फॉल्स (ट्रॅकरमध्ये नोंद नको) देता येतं. ३.१०मध्ये जोडल्याबरोबर रिसोर्स_ट्रॅकर.अनरजिस्टर (नोंद काढणं) बोलवा, नाव एसएचएम._नेम, प्रकार 'शेअर्ड_मेमरी'. _नेमच वापरा, त्यात सुरुवातीची तिरकी रेघ असते.

मूळ प्रश्नकर्ता

रंग आणि वेळ दोन्ही जुळले, सेगमेंटही टिकतं. आता कधीकधी फ्रेमचा वरचा भाग नवा, खालचा जुना येतो. एका वेळी एकानेच मेमरी वापरावी म्हणून पायथनचं मल्टिप्रोसेसिंग.लॉक चालेल?

प्रतिसाद

नाही, ते सी++ला नावाने उघडता येत नाही. सी++मध्ये सेम_ओपनने नाव असलेला सेमाफोर (किंमत ० असेल तर पुढच्याला थांबवणारा मोजक) करा, सुरुवातीची किंमत १; पायथनमध्ये तोच पॉसिक्स_आयपीसी पॅकेजने उघडा. पायथनने तो घेऊन फ्रेमची कॉपी करायची आणि लगेच सोडायचा, प्रक्रिया कॉपीवर. नाहीतर कॅमेऱ्याचं लिहिणं तुमच्या प्रक्रियेसाठी थांबून राहील.

सेमाफोर धरलेला असताना प्रोसेस मेली तर किंमत ०च राहते आणि समोरचा कायमचा अडकतो. म्हणून दोन्हीकडे मुदत घाला: सी++मध्ये सेम_टाइमडवेट, पायथनमध्ये अक्वायरला टाइमआउट.

हे डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) नेणार असाल तर /डेव्ह/एसएचएम मुळात ६४ एमबीच असतो. अशा १० फ्रेम मावतात, ११वी लिहिताना सिगबस (मेमरी न मिळाल्याचा सिग्नल) येऊन सी++ पडतो, कारण एफट्रंकेट आधी तक्रार करत नाही. कंटेनर सुरू करताना --एसएचएम-साइझ वाढवा.